कोहा जीपीएलवर आहे, मग करारात ‘प्रत काढू नये’ कसं?

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण पूर्ण वाचून सल्ला द्या ही विनंती. बुधवारी कार्यकारिणीची सभा आहे आणि मला तिथे कागद हातात घेऊन बोलायचंय.

आमचं वाचनालय दापोली-मंडणगड पट्ट्यातलं, तालुका ‘ब’ वर्ग. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मागच्या खोलीचे पत्रे उडाले आणि दाखल नोंदवह्या दोन दिवस पाण्यात राहिल्या. शाईच्या नोंदी. सगळ्यात जुन्या वहीची सुरुवातीची पानं आम्ही सुतळीवर वाळत घातली, पण वाळल्यावर हाती आले ते नुसते निळे डाग. आजोबांच्या पिढीने कोणती पुस्तकं कोणाकडून देणगी घेतली, ते सगळं त्या पानांवर होतं. तेव्हाच ठरलं, की यापुढे सगळं संगणकावर.

एका व्हेंडरने ‘कोहा’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. मशीन आमच्याच कार्यालयात, उबुंटूवर. दोन मुली आणि ग्रंथपालकाका आठ महिने बसून नोंदी भरत होते. काका सत्तरीचे आहेत. चष्मा कपाळावर सरकवून एकेक दाखल क्रमांक मोठ्याने वाचायचे आणि मुली टाइप करायच्या.

आता एएमसी (वर्षाचा देखभाल करार) संपतेय आणि नवा दर दुप्पट सांगितलाय. म्हणून करार कपाटातून काढून पहिल्यांदा नीट वाचला. त्यातलं कलम ७ जसंच्या तसं देते: “सदर सॉफ्टवेअर केवळ एका संगणकावर वापरता येईल. त्याची प्रत काढणे, अन्य संस्थेस देणे, त्यात बदल करणे वा करवून घेणे यास मनाई आहे. एएमसी खंडित झाल्यास ग्राहकाने वापर थांबवावा.” कलम ९ मध्ये डेटा बाहेर काढायचं वेगळं शुल्क. शिवाय पहिल्या लॉगिनला एक चौकोन येतो, ‘मी वरील अटी मान्य करतो’. तो टिक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पण कोहाच्याच ‘अबाउट’ पानावर लायसन्सचा टॅब आहे आणि तिथे स्वच्छ जीपीएल ३ लिहिलंय, म्हणजे कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं असं मुक्त लायसन्स. एकाच सॉफ्टवेअरला हे दोन कागद कसे? यातला कुठला खरा धरायचा? आणि खाडीच्या अलीकडच्या गावातल्या छोट्या वाचनालयाला आमची प्रत द्यायचं मी कबूल केलंय, ते चालेल का?

कमांडलाइन

ताई, घाबरू नका. मी चिपळूणला असतो, सर्व्हरचंच काम करतो.

जीपीएलची तिसरी आवृत्ती २९ जून २००७ ला आली. तिचं नववं कलम सांगतं, की प्रोग्रामची प्रत मिळवायला किंवा चालवायला हे लायसन्स मान्य करावं लागत नाही. म्हणजे तो टिक करायचा चौकोन जीपीएलला नकोच आहे. प्रोग्राम बदलला किंवा पुढे दिला, तरच तिच्या अटी लागू होतात. दहाव्या कलमानुसार, पुढे देणाऱ्याने घेणाऱ्याच्या हक्कांवर आणखी बंधनं घालायची नाहीत. आणि सातव्यात तर असं आहे, की प्रोग्रामसोबत जीपीएलची नोंद आणि तिच्या जोडीला असं जादा बंधन आलं असेल, तर घेणाऱ्याने ते खुशाल काढून टाकावं.

जादा बंधनांना मनाई १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीतही होती, सहाव्या कलमात. काढून टाकायची मुभा तिसरीने दिली.

तेव्हा अलीकडच्या गावाला प्रत द्या. सोबत लायसन्स आणि सोर्स (प्रोग्रामचा मूळ कोड) द्यायचं विसरू नका, कारण प्रत दिलीत की पुढे देणारे तुम्हीच झालात आणि तुमच्यावरही त्याच अटी आल्या. तुमच्या व्हेंडरने काही बदल केले असतील तर त्यांचा सोर्स त्याच्याकडून मागून घ्या. सहाव्या कलमाने तो त्याला द्यावाच लागतो.

श्रीवर्धनी

वाचनखूण साठवली. आमचंही असंच काहीतरी आहे, फक्त आमचं ‘क्लाउडवर’ आहे, व्हेंडरच्या सर्व्हरवर. आम्हालाही हे सगळं लागू होतं का?

वहिवाट

मी दिवाणी कोर्टात वकिली करते. माझं रोजचं काम जमिनीचं, त्यामुळे हा वाद वाचताच ओळखीचा वाटला.

आपल्याकडे सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. शेजारच्या वाडीला विहिरीवर जायची वाट तुमच्या बागेतून आहे अशी तिथे नोंद असेल, तर ती जमिनीबरोबर जाते. उद्या तुम्ही ती बाग मुंबईच्या माणसाला विकली, त्याने चिरेबंदी गडगा घातला आणि फाटकावर पाटी लावली ‘प्रवेश बंद’, तरी वाट बंद होत नाही. घेताना तो त्या हक्कासकटच घेतो. आपल्याला न मिळालेला हक्क तो दुसऱ्याला विकूही शकत नाही आणि दुसऱ्याचा असलेला हक्क मिटवूही शकत नाही.

कोहा १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी लिहायला घेतलं गेलं आणि त्यानंतर जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. कॉपीराइट त्या सगळ्यांचा. आपल्या कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम ३० प्रमाणे परवाना द्यायचा तो मालकाने. ताईंचा व्हेंडर या जागेचा मालक नाही. तोही वहिवाटीनेच आत आलेला आहे. त्यामुळे ‘एकाच संगणकावर वापरा’ हे सांगायचा अधिकार त्याच्याजवळ मुळात नाही. उलट असं बंधन घालून तो स्वतःच जीपीएल मोडतोय. तिच्या आठव्या कलमाने त्याचा वाटपाचा परवाना संपतो, तुमचा नाही.

आता दुसरी बाजू. त्या करारात दोन जातीची कलमं एकत्र बांधलेली असणार. दुरुस्तीला किती दिवसांत येणार, पैसे कधी द्यायचे, फोन कोणत्या वेळेत करायचा, ही सेवेची कलमं. ती तुम्ही सही करून स्वीकारली आहेत आणि ती पाळावी लागतील. मागची काही थकबाकी असेल तर ‘कलम ७ बेकायदा आहे’ म्हणून ती बुडवता येणार नाही. दोन रंगांची पेन्सिल घ्या, करारावर बसा आणि प्रत्येक कलमाला विचारा: हे सॉफ्टवेअरबद्दल आहे की माणसाच्या कामाबद्दल? प्रत, बदल आणि वापर यांवर जे आहे ते लाल. बाकी निळं.

बॅकअपबद्दल: कलम ५२ मध्ये कायदेशीररीत्या हाती असलेल्या प्रोग्रामची प्रत, हरवणं किंवा खराब होणं यापासून बचाव म्हणून काढून ठेवायची मुभा कायद्यानेच दिली आहे. जीपीएल नसती तरी.

वाशिष्ठीकाठ

मी स्वतः व्हेंडर आहे, ताईंचा नाही. शाळा, पतसंस्था, दोन-तीन वाचनालयं. माझंही ऐकून घ्या.

ओपन सोर्स म्हणजे फुकट, हे लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की बसवायचे पैसे मागितले तरी चेहरे पडतात. जुलैमध्ये वीज गेली, यूपीएस बसला, डेटाबेस बिघडला, की रात्री दहाला फोन. भर पावसात चाळीस किलोमीटर बाइकवरून जायचं आणि चहावर परत यायचं. मग एका ठिकाणचं काम बघून आणखी चार जण पेन ड्राइव्हवर प्रत नेतात आणि अडलं की मलाच फोन करतात. ‘प्रत काढू नये’ हे कलम त्या भीतीतून आलेलं असतं. ते चूक असेल, पण लिहिणाऱ्याला चोर म्हणू नका.

आणि मोठ्या कंपन्या काय करतात? लिनक्स विकणाऱ्या रेड हॅटचं बघा.

कमांडलाइन

दादा, चोर कोणीच म्हटलं नाही. पैसे घ्यायला जीपीएलची ना नाही. चौथ्या कलमात लिहिलंय की प्रतीचे हवे तेवढे पैसे घ्या, सपोर्टचे वेगळे घ्या. रात्री दहाच्या फोनचा दर करारात लिहा, मी स्वतः लिहितो. दुसऱ्याने तुमचं काम बघून बसवलं आणि अडलं, तर त्यालाही भेटीचे पैसे सांगा. तो हक्क तुमचा आहे. प्रत अडवायचा हक्क मात्र तुमच्याकडे कधीच नव्हता.

रेड हॅटचा मुद्दा खराच अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जून २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आरएचईएल या त्यांच्या लिनक्सचा सोर्स यापुढे सगळ्यांसाठी उघड्यावर ठेवणार नाही. उघड्यावर राहील ती फक्त सेंटओएस स्ट्रीम, म्हणजे त्याची आधीची, घडत असलेली आवृत्ती. ग्राहकांना सोर्स मिळतो. त्यांच्या कराराचा सूर असा, की जीपीएलने दिलेले हक्क आम्ही काढून घेत नाही, पण सबस्क्रिप्शनमधून मिळालेलं पुढे वाटलंत तर आम्ही सबस्क्रिप्शन थांबवू शकतो. म्हणजे हातातल्या प्रतीला कोणी हात लावत नाही, पुढची प्रत मिळायची थांबते. हे ‘जादा बंधन’ आहे की नाही, यावर जाणती माणसं आजही भांडतात.

याच मुद्द्यावर ओपन सोर्स चळवळीतले ब्रूस पेरेन्स यांनी २०१७ मध्ये ग्रसिक्युरिटी या लिनक्स पॅचबद्दल लिहिलं, की अशी अट जीपीएलच्या विरुद्ध आहे. पॅच करणाऱ्या कंपनीने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. दावा फेटाळला गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अपील कोर्टानेही ते कायम केलं. पण कोर्ट म्हणालं ते एवढंच, की पेरेन्स यांनी मत मांडलं आणि मत मांडणं ही बदनामी नव्हे. अट जीपीएलमध्ये बसते की नाही, त्याचा निकाल लागलाच नाही.

ताईंचं प्रकरण त्या धूसर पट्ट्यात येत नाही. ‘एएमसी संपली की वापर थांबवा’ हे हातातली प्रत काढून घेणं आहे. त्यात दुमत व्हायचं कारण नाही.

श्रीवर्धनी, तुमचा प्रश्न राहिला. जीपीएलच्या अटी लागतात त्या प्रत दुसऱ्याच्या हातात दिली की. व्हेंडर स्वतःच्या सर्व्हरवर कोहा चालवतो आणि तुम्ही ब्राउझरमधून वापरता, तेव्हा तुमच्या हाती प्रत येतच नाही. नेमकी हीच फट बुजवायला नोव्हेंबर २००७ मध्ये जीपीएलचं भावंड असलेली एजीपीएल ३ आली. तिच्या तेराव्या कलमाने, बदललेला प्रोग्राम नेटवरून वापरू दिला तर वापरणाऱ्याला सोर्स मिळायला हवा. पण कोहा साध्या जीपीएलवर आहे. त्यामुळे तुमच्याकडे भिस्त सगळी करारावर. त्यात ‘डेटा वाचनालयाचा आणि मागाल तेव्हा मार्क या ग्रंथनोंदींच्या प्रमाण स्वरूपात मोफत मिळेल’ हे वाक्य नसेल, तर पुढच्या एएमसीवर सही करायच्या आधी घालून घ्या.

गजालीखोर

माका कायद्यातला फारसा कळणा नाय, पण आमची गोष्ट सांगूक होयी.

मी मालवण तालुक्यात प्राथमिक शिक्षिका. २०२१ च्या पावसाळ्यात शाळा बंद होत्या. सहावी-सातवीची मुलं घरीच आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड करायची आणि वाडीतल्या एका घरच्या लॅपटॉपवर ऑडॅसिटीत कापाकापी शिकायची. एक मुलगी तर आजीच्या खोकल्याची जागा लाटेच्या आकृतीवरून ओळखून अलगद काढायची. ओवीचा ठेका जराही तुटायचा नाही.

त्या जुलैमध्ये ऑडॅसिटीच्या नव्या प्रायव्हसी धोरणात एक वाक्य आलं, की १३ वर्षांखालच्यांनी हे ॲप वापरू नये. आमच्या शाळेत ते व्हॉट्सॲपवर फिरलं आणि वरून निरोप आला, काढून टाका. मुलं बारा वर्षांची. मी काढलं. तेव्हा मला कोणीच सांगितलं नाही, की ऑडॅसिटी जीपीएलवर आहे आणि कोणीही, कशासाठीही चालवावं हा जीपीएलचा पायाच आहे; वयाची अट त्यात बसत नाही. जगभर ओरड झाल्यावर करणाऱ्यांनी माफी मागितली, धोरण पुन्हा लिहिलं आणि ते वाक्य गेलं. पण आमचा पावसाळा गेला तो गेलाच. त्यातल्या दोन आज्या आता नाहीत.

म्हणून खाडीपलीकडे ताई, सभेत जोर लावून बोला. असल्या एका ओळीने गावातली कामं थांबतात.

वहिवाट

गजालीखोर बाई, तुमचं लिहिणं वाचून वाईट वाटलं. एक भर घालते: भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्तीला करारच करता येत नाही. बारा वर्षांच्या मुलाने ‘मान्य’वर टिचकी मारली, तरी त्याच्याकडून करार होत नाही.

कंपोझ_कणकवली

माझं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, दशावताराचे बोर्ड, आंब्याच्या पेट्यांची लेबलं. इथे सगळं कोहावर चाललंय, पण हाच घोळ फॉन्टमध्येही आहे.

एका विक्रेत्याकडून मराठी फॉन्टचा संच घेतला. सोबत छापील अट: एकच संगणक, प्रत काढल्यास कारवाई. वापरायला लागल्यावर एका फॉन्टचा ‘झ’ आणि ‘क्ष’ फार ओळखीचे वाटले. फॉन्टफोर्जमध्ये उघडून माहितीचा रकाना पाहिला. वरचं नाव बदललेलं, पण खाली कॉपीराइटची ओळ तशीच: ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा ‘मुक्त’. तो फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सवर आहे, गुगल फॉन्ट्सवरून कोणीही फुकट उतरवावा. त्या लायसन्सच्या २००७ च्या १.१ आवृत्तीत स्पष्ट आहे, की फॉन्ट जसाच्या तसा असो वा बदललेला, तो याच लायसन्सखाली पुढे द्यायचा, दुसऱ्या कुठल्या नाही. नुसता फॉन्ट विकायलाही मनाई. सॉफ्टवेअरबरोबर देता येतो. मग ‘एकच संगणक’ आलं कुठून?

ज्यांनी आपल्या लिपीतला एकेक काना-मात्रा महिनोन्महिने बसून घासला, त्यांचं नाव पुसून वर कुलूप लावायचं, याचा मला खरोखर संताप येतो. जाता जाता: त्या फॉन्टमध्ये केलेल्या पत्रिकेला, पुस्तकाला हे लायसन्स चिकटत नाही. छपाईवाल्यांनी निर्धास्त राहावं.

वाशिष्ठीकाठ

दोन दिवस विचार केला. माझ्या करारातलं तसलं कलम मी काढतोय. पण एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो. व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्रामचा सोर्स एमआयटी लायसन्सवर आहे आणि मायक्रोसॉफ्ट स्वतःच्या साइटवरून देते त्या तयार प्रतीवर तिच्या वेगळ्या अटी असतात. तिथे कोणी हरकत घेत नाही. मग मलाच का?

कमांडलाइन

कारण एमआयटी तशी परवानगी देते. नाव आणि लायसन्सची नोंद ठेवा, वर हवी ती अट घाला, असं ते लायसन्स आहे. म्हणूनच ज्यांना त्या अटी नकोत ते त्याच सोर्समधून बनवलेलं व्हीएसकोडियम वापरतात. मोझिलाचं तिसरंच. २००८ मध्ये उबुंटू ८.१० ची तयारी चालू असताना फायरफॉक्स उघडला की करार मान्य करायची खिडकी यायला लागली. तेव्हा मी पॉलिटेक्निकला होतो, लॅबमधला प्रत्येक जण तिथे अडायचा. तयार प्रतीवर वेगळा कागद लावायला मोझिलाच्या लायसन्सची तशी आडकाठी नव्हती, तरी लोक उसळले, आणि मोझिलाने तो मजकूर चुकीचा असल्याचं मान्य करून खिडकी काढली. त्या जागी फक्त ‘तुमचे हक्क’ सांगणारं पान आलं.

आणि जीपीएलवर अटी चढल्या की काय होतं, ते व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरने दाखवलं. ॲपलच्या स्टोअरच्या वापराच्या अटी जीपीएलशी जुळत नाहीत, अशी तक्रार व्हीएलसी लिहिणाऱ्यांपैकीच एकाने २०१० मध्ये केली आणि जानेवारी २०११ मध्ये ॲपलने ते काढलं. पुढे लायसन्स बदलून ते २०१३ मध्ये परत आलं.

एक सावधगिरी सांगायची राहिली. सातव्या कलमाची ‘काढून टाका’ मुभा सगळीकडे चालेलच असं नाही. निओफोरजे कंपनीने २०१८ मध्ये स्वतःच्याच डेटाबेसवर एजीपीएल लावून वर विक्रीला मनाई करणारी जादा अट ठेवली. कोणीतरी ती अट काढून ते वाटलं. अमेरिकी कोर्टाने २०२० मध्ये निओफोरजेच्या बाजूने कौल दिला आणि २०२२ मध्ये अपिलातही तो टिकला. तिथे अट घालणारी कंपनी स्वतः मालक होती. ताईंच्या प्रकरणात अट घालणारा मधला माणूस आहे. वकीलताईंच्या भाषेत, मालकाने वाटेची नोंद करतानाच ‘फक्त पायी, बैलगाडी नको’ असं लिहिणं वेगळं आणि नंतर आलेल्याने दोरी बांधणं वेगळं. कोणीही जीपीएलवरची अट पुसायच्या आधी ती कोणी लिहिली आहे ते बघा.

खाडीपलीकडे

सभा झाली. उशिरा लिहितेय, वीज नव्हती.

वकीलताईंनी सांगितल्याप्रमाणे लाल-निळं करून नेलं. एकवीस कलमांतली चारच लाल निघाली. अध्यक्ष आधी म्हणाले, “सही केली आहे, आता कशाला वाद.” मग सातबाऱ्याचा दाखला दिला. सभेतल्या निम्म्यांच्या वाटेच्या केसेस चालू आहेत, त्यांना पुढचं समजावायची गरज पडली नाही.

भांडण नको म्हणून नोटिशीऐवजी साधं पत्र लिहिलं: कलम ७ जीपीएल ३ च्या दहाव्या कलमाशी विसंगत आहे, ते वगळावं, कलम ९ मधलं डेटाचं शुल्कही काढावं, तुम्ही केलेल्या बदलांचा सोर्स द्यावा, सेवेचा दर बसून ठरवू. व्हेंडरचा फोन आला. तो मसुदा त्याने बिलिंगच्या दुसऱ्या एका सॉफ्टवेअरसाठी वापरलेला होता, तोच नाव बदलून आम्हाला दिला होता. कलम ७ काढायला तो तयार आहे. डेटाच्या शुल्कावर अजून अडून बसलाय. दराचं काहीच ठरलं नाही. त्याचा मुलगा येऊन लॉगिनचा तो चौकोन मात्र काढून गेला.

दरम्यान ग्रंथपालकाकांना मी बॅकअपसाठी कोहा-डम्पची कमांड मोठ्या अक्षरात लिहून दिली. त्यांनी एका बोटाने टाइप केली आणि दोन फाइल आल्या, एक डेटाबेसची आणि एक सेटिंगची. काकांनी विचारलं, “एवढ्यात मावलं सगळं?” आता एक पेन ड्राइव्ह वाचनालयाच्या कपाटात आहे, एक माझ्या घरी माळ्यावर पत्र्याच्या डब्यात, आणि एक माझ्या भावाने पुण्याला नेला.

रविवारी सकाळी अलीकडच्या गावात बसवायला जाणार आहोत. मशीन मिळालंय, मॉनिटर नाही. दापोलीत कोणाकडे चालू स्थितीतला जुना मॉनिटर असेल तर व्यनि करा, मी बसस्टँडवर येऊन घेऊन जाईन.

वाशिष्ठीकाठ

मॉनिटर माझ्याकडे आहे, केबलसकट. रविवारी मी घेऊनच येतो, सोबत बसवायलाही थांबतो.